ऐरोली ते पवना: छोटी शिडाची होडी घेऊन पहिल्या शर्यतीला जाताना

शीड धरायला मी अडतिसाव्या वर्षी शिकले, तेही मुंबई बंदराच्या खाऱ्या पाण्यात. माझ्या मागोमाग लेक शिकली. ती ऑप्टिमिस्ट चालवते, मी आयएलसीए (जुने लोक अजून लेझरच म्हणतात). गेल्या चार हिवाळ्यांत आमच्या होड्या सहा वेळा बोरघाट चढून पवना धरणावर गेल्या. तिथे शनिवार-रविवारी पंधरा-वीस छोट्या होड्या जमतात आणि दोन दिवस शर्यती होतात.

पहिल्या खेपेला आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. होडी कशात न्यायची, घाटात तिचं काय होतं, डोंगरातला वारा कसा वागतो, हे सगळं चुकत शिकलो. ठाणे-नवी मुंबईतल्या ज्यांनी नुकतीच स्वतःची होडी घेतली आहे किंवा मुलांसाठी घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शीड कसं चालवायचं ते यात नाही, ते शिक्षकाकडूनच शिका. यात घरापासून स्टार्ट लाइनपर्यंतची वाट आहे.

१. होडी आणि महिना

पहिल्या शर्यतीला चार जणांकडे असते तीच होडी घेऊन जा. ऑप्टिमिस्ट २.३ मीटर लांब, ३५ किलोची, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची. आयएलसीए ४.२३ मीटर, रिकामी होडी साठ किलोच्या आत-बाहेर. तिला तीन मापांपैकी एक शीड लावता येतं: ४, ६ किंवा ७. होडी तीच राहते, शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग बदलतो. वजन साठ किलोच्या आसपास असेल तर ६ नंबर घ्या. मोठं शीड म्हणजे जास्त वेग असं समजून ७ घेणारे पहिल्या जोरदार झोतातच उलटतात.

जून ते सप्टेंबर विचारही करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरण भरलेलं असतं, काठ हिरवा असतो, उतरायला सोपं जातं. मार्चनंतर दुपारचा वारा छान होतो, पण पाणी मागे सरकत जातं आणि खालची जमीन वर येते. पवनेच्या पाण्यात बुडालेलं वाघेश्वराचं जुनं मंदिर उन्हाळ्यात उघडं पडतं, त्यावरून पाणी किती उतरतं याचा अंदाज येईल. त्या दिवसांत जुने बांध, झाडांची खोडं, दगडी जोती पाण्याच्या जेमतेम खाली असतात आणि डॅगरबोर्ड (होडीच्या मधून पाण्यात उतरवलेली फळी) त्यांच्यावर आदळतो. पहिली खेप हिवाळ्यातच करा.

२. परवानगी आणि कागद

पवना हे जलसंपदा विभागाचं धरण आहे आणि पिंपरी-चिंचवडला त्यातून पिण्याचं पाणी जातं. होडी आपली आहे म्हणून वाटेल तिथून पाण्यात ढकलायची नाही. शर्यत भरवणाऱ्यांकडे लेखी परवानगी आहे का, ते पैसे भरण्याआधी विचारा आणि तिची प्रत मागून घ्या. "तोंडी बोलणं झालंय" असं उत्तर आलं तर जाऊ नका. सोबत सुरक्षा होडी किती, त्यावर कोण असणार, हेही विचारा. या प्रश्नाचा कुणाला राग आला तर त्या शर्यतीला मुलांना नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शर्यतीचे दोन कागद असतात. नोटीस ऑफ रेस आधी येते. कोण भाग घेऊ शकतो, फी किती, कुठले नियम लागू, हे त्यात असतं. सेलिंग इन्स्ट्रक्शन्स त्या दिवशी किंवा आदल्या रात्री मिळतात. मार्क (वळसा घालायचे तरंगते बोये) कुठे, कुठल्या क्रमाने वळायचं, झेंडे कुठले, हे त्यात. दोन्ही छापून घ्या, काठावर मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

सोबत ठेवायची यादी:

- ओळखपत्र, मुलांचा वयाचा दाखला आणि पालकांचं सही केलेलं संमतिपत्र
- होडी खरेदीच्या बिलाची प्रत (रस्त्यात कुणी अडवलं तर हेच कामी येतं)
- विमा असेल तर त्याचा कागद
- शिडावरचा नंबर नोंदणी अर्जात लिहिलाय तोच आहे ना, याची खात्री
- लाइफ जॅकेट, त्याला बांधलेली शिट्टी
- सुटी दोरी दहा मीटर, चिकटपट्टी, पक्कड, चाकू, जादा शॅकल (जोडकड्या) आणि पिना
- दोन बुचं. दोन का, ते पुढे येतं.

३. टेंपो आणि बांधाबांध

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

गाडीमागे ट्रेलर लावणं छान दिसतं, पण ट्रेलरलाही आरटीओची नोंदणी लागते आणि घाटात ट्रेलर मागे घेणं सवयीशिवाय जमत नाही. आम्ही दोन-तीन कुटुंबं मिळून टेंपो करतो. ऑप्टिमिस्ट गाडीच्या टपावर कॅरियर लावून जाते. टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, त्यात कॅरियरचं वजनही धरा.

आयएलसीएसाठी टेंपो ठरवताना सगळे "१४ फुटी पुरेल" म्हणतात. हिशेब करा. ४.२३ मीटर म्हणजे तेरा फूट साडेदहा इंच. उरला दीड इंच. होडीच्या मागच्या बाजूला सुकाणू अडकवायच्या कड्या बाहेर आलेल्या असतात, त्यांतच तो दीड इंच जातो. वर हौद्याची आतली लांबी सांगितल्यापेक्षा थोडी कमीच भरते. आमच्या पहिल्या खेपेला फाळका लागेना, तो उघडा ठेवून दोरीने बांधला, आणि पनवेलपर्यंत त्या कड्या फाळक्यावर घासत गेल्या. १७ फुटी गाडी घ्या. भाडं थोडं जास्त पडतं, तीन होड्यांत वाटलं की काही वाटत नाही.

हौद्यात आधी जुन्या गाद्या किंवा टायरच्या ट्यूब टाका. होडी पालथी ठेवा, म्हणजे वजन कडांवर येतं आणि तळ मोकळा राहतो. दोन होड्या एकमेकींवर ठेवायच्या असतील तर मध्ये जाड फोम, तोही कडांखालीच. आता बेल्ट. दात्यांचा रॅचेट बेल्ट हाताशी असतो आणि माणसाला खेचत राहायचा मोह होतो. फायबरला त्याने तडे जातात. साधा बकलचा बेल्ट वापरा, हाताच्या ताकदीने जेवढा आवळेल तेवढा पुरे, आणि बकलखाली कापडाची घडी ठेवा. टपावरच्या बेल्टला एक पीळ द्या. सपाट बेल्ट वाऱ्यात थरथरून भोंग्यासारखा वाजतो आणि हळूहळू सैल होतो.

शीड घडी घालू नका, गुंडाळा. डोलकाठीचे दोन भाग पीव्हीसी पाइपमध्ये घाला. सुकाणू आणि डॅगरबोर्ड जुन्या चादरीत वेगवेगळे गुंडाळा, कारण त्यांच्या कडेला पडलेला एक खड्डा दोन दिवस तुम्हाला मागे ओढतो. आणि हमालांना पाठवून न देता भरताना स्वतः उभे राहा. आमचे टेंपोवाले मामा दर खेपेला प्रत्येक गाठ हाताने हलवून बघतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, गाडीची काळजी माझी, गाठीची तुमची. खालापूरला मी थांबणार, तुम्ही येऊन परत बघायचं." तेव्हापासून खालापूर टोलच्या पुढे सुरक्षित जागी थांबून बेल्ट तपासणं आमचं ठरलेलं आहे. घाट चढण्याआधी हे कराच.

मागे काही बाहेर येत असेल तर लाल कापड बांधा. रात्रीच्या प्रवासात लाल दिवा. आणि हौद्यात माणसं बसवू नका, मुलं तर नाहीच.

४. बूच: घाटातली खास भानगड

आयएलसीएचा सांगाडा बंद, पोकळ असतो. मागे एक छोटं बूच असतं, आत शिरलेलं पाणी काढायला. ऐरोली समुद्रसपाटीला आहे, लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास. वर चढताना बाहेरचा दाब कमी होतो, वरून ऊन लागून आतली हवा फुगते, आणि होडीच्या जोडांवर ताण येतो. म्हणून प्रवासात बूच काढून ठेवायचं. ऑप्टिमिस्टमध्ये हवेच्या तीन पिशव्या असतात, त्यांतलीही थोडी हवा सोडायची आणि काठावर पोचल्यावर परत भरायची.

काढलेलं बूच परत लावायचं राहिलं की काय होतं, ते मी अनुभवलं आहे. बूच टेंपोच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं होतं. पहिल्या शर्यतीच्या दुसऱ्या फेरीत होडी वळायला जड लागायला लागली. मला वाटलं वारा पडला. मग बघते तर मागची कड पाण्याला टेकलेली, आणि टॅक घेताना (तोंड वाऱ्यातून फिरवून दिशा बदलताना) आत पाणी या टोकाकडून त्या टोकाला धावल्याचा आवाज. सुरक्षा होडीने ओढून काठावर आणलं. होडी तिरकी करून पाणी काढायलाच पाऊण तास गेला. लेक काठावर उभी राहून रडत होती, तो चेहरा मी विसरलेले नाही.

आता बूच सुकाणूच्या पिशवीत, सुकाणूलाच लाल फितीने बांधलेलं असतं. सुकाणू लावल्याशिवाय होडी निघत नाही, आणि सुकाणू काढलं की बूच हातात येतं. दुसरं बूच लाइफ जॅकेटच्या खिशात.

५. रस्ता

ऐरोलीहून पवनानगर साधारण शंभर किलोमीटर. ठाणे-बेलापूर रस्ता, मग सायन-पनवेल, कळंबोलीहून द्रुतगती मार्ग. लोणावळ्याला बाहेर पडून जुन्या हायवेने कार्ला, कामशेत आणि तिथून आत पवनानगर. लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून जवळ पडतं, पण चढ-वळणं तीव्र आहेत. लांब गाडी आणि वर होडी असेल तर कामशेतचाच रस्ता धरा.

पहाटे पाचच्या आत निघा. जोडून सुट्ट्या आल्या की महामार्ग पोलीस अवजड गाड्यांना काही तास थांबवतात, मग टेंपो खाली आणि तुम्ही वर अशी वेळ येते. अशा शनिवारी टेंपो शुक्रवारी दुपारीच पाठवा.

६. काठावर पोचल्यावर आधी वर बघा

पाण्याकडे नंतर. आधी डोक्यावर विजेच्या तारा कुठे आहेत ते बघा. शेतावरून जाणाऱ्या तारा कित्येकदा फार खाली आलेल्या असतात. आयएलसीएची डोलकाठी उभी केली की टोक जमिनीपासून सहा मीटरच्या आसपास जातं, आणि ती ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची असते. दोन्हींतून वीज वाहते. डोलकाठी पाण्याच्या कडेला, वर मोकळं आकाश असेल तिथेच उभी करा. उभी केलेली होडी ट्रॉलीवरून लांब नेऊ नका. मुलं उत्साहात ढकलत नेतात, म्हणून त्यांना तारा बोटाने दाखवा.

घरून निघण्याआधी होडी धुऊन, वाळवून आणा. खाडीतलं मीठ आणि तलावातली जलपर्णी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात न्यायची नाही. काठावर साबण लावून भांडी, कपडे, होडी काहीच धुऊ नका. हे लोकांच्या घरातल्या नळाचं पाणी आहे.

खाडीत शिकलेल्यांना दोन गोष्टी वेगळ्या लागतात. इथे भरती-ओहोटी नाही, म्हणजे परतताना पाय रुतेल का याची घड्याळ लावून काळजी नको. दुसरी, गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा दोन-अडीच टक्के हलकं असतं. होडीला फरक पडत नाही, माणसाला पडतो. समुद्रात तरंगायची सवय असलेल्याला इथे अंग खाली ओढल्यासारखं वाटतं. जानेवारीत पाणीही गार असतं. पट्टीचे पोहणारे असाल तरी काठावरच जॅकेट घाला, पाण्यात शिरल्यावर नाही.

७. डोंगरातला वारा

शाळेच्या भूगोलात खारे वारे, मतलई वारे, दरीय आणि पर्वतीय वारे होते ना, ते सगळे इथे एका दिवसात भेटतात. रात्री उतारावरची हवा थंड होऊन खाली दरीत उतरते. उजाडताना तिची हलकी झुळूक असते, मग तीही थांबते आणि पाणी आरशासारखं होतं. नवखे लोक इथे अस्वस्थ होतात. धीर धरा. ऊन चढलं, उतार तापले की हवा वर सरकायला लागते, आणि दुपारी समुद्राकडून आलेला पश्चिमेचा वारा घाटमाथा ओलांडून त्याला मिळतो. खरी शर्यत बहुतेक वेळा जेवणानंतरची.

बंदरातला दुपारचा वारा एका दिशेने, एका जोराने वाहतो. इथला तसा नाही. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चार किल्ले या पाण्याभोवती उभे आहेत. वारा त्यांच्या अंगावरून घसरत, खिंडींतून वळत येतो. उंच टेकडीच्या आडोशाला तो एकदम मरतो, खिंडीसमोर एकदम अंगावर येतो. दोन मिनिटांत वीस-तीस अंशांनी दिशा बदलणं मी कित्येकदा पाहिलं आहे.

म्हणून शर्यतीआधी अर्धा तास काठावर नुसतं बसून बघा. पाण्यावर गडद चट्टे सरकताना दिसतात, ते वाऱ्याचे झोत. कुठून निघतात, कुठे विरतात ते लक्षात ठेवा. पलीकडच्या गावातल्या चुलींचा धूर बघा. काठच्या देवळावरचा भगवा झेंडा बघा. मार्कच्या बाजूचा धूर उजवीकडे आणि तुमच्याकडचा झेंडा डावीकडे असेल तर मध्ये कुठेतरी वारा वळतो आहे, आणि ती जागा ज्याला कळली तो पुढे. लेकीने एकदा केवळ धुरावर नजर ठेवून तिच्याहून मोठ्या तीन मुलांना मागे टाकलं होतं.

पाण्यावर असताना साधा नियम: वाऱ्याने तुमचं टोक मार्कपासून दूर ढकललं तर टॅक घ्या, मार्ककडे वळवलं तर त्याच दिशेने चालत राहा. एका कोपऱ्यात लांब जाऊ नका. तिथे गेल्यावर वारा उलटा फिरला तर परतीचं सगळं अंतर तोट्याचं होतं. आणि झोत येताना दिसला की तो लागण्याआधी शीट (शीड आवळायची दोरी) थोडी सोडायला तयार राहा. लागल्यावर उशीर झालेला असतो.

तळ्यात शिकलेली मुलं कमी पडतात असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आयएलसीए ४ मध्ये रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावात तयार झाली.

८. सुरुवातीची पाच मिनिटं

घड्याळ लावून हे घरी पाठ करा:

पाच मिनिटं बाकी: तुमच्या वर्गाचा (होडीच्या प्रकाराचा) झेंडा वर, एक आवाज.
चार मिनिटं: पी झेंडा वर (निळा, मध्ये पांढरा चौकोन), एक आवाज.
एक मिनिट: पी झेंडा खाली, एक लांब आवाज.
शून्य: वर्गाचा झेंडा खाली, एक आवाज. निघा.

झेंडा खरा, आवाज नव्हे. आवाज डोंगरावर आपटून मागून येतो, काही वेळा ऐकूच येत नाही. पांढऱ्यावर निळ्या अधिकच्या चिन्हाचा एक्स झेंडा दिसला तर कुणीतरी आधी सुटलं आहे. ते तुम्ही असाल तर पूर्ण लाइनच्या मागे येऊन पुन्हा निघा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पताका म्हणजे शर्यत पुढे ढकलली. वारा नसलेल्या सकाळी तीच जास्त दिसते.

पहिल्या शर्यतीत लाइनच्या टोकांना गर्दीत घुसू नका. मधल्या भागात, थोडी मोकळी जागा राखून निघा.

९. वाटेचे नियम

जगभर शिडांच्या शर्यती एकाच नियमावलीने होतात, सध्या २०२५ ते २०२८ ची लागू आहे. पहिल्या दिवशी एवढं पुरे:

वारा उजव्या बाजूने येतो ती होडी स्टारबोर्डवर, तिला वाट द्यायची. दोघी एकाच टॅकवर असतील, म्हणजे दोघींना वारा एकाच बाजूने येत असेल, तर वाऱ्याकडच्या होडीने पलीकडच्या होडीला वाट द्यायची. मागून येणारीने पुढचीला सांभाळायचं. मार्कपासून तीन होड्यांच्या अंतरात आलं की आतल्या बाजूच्या होडीला वळायला जागा द्यायची. मार्कला शिवलात तर एक पूर्ण गोल फिरायचं, दुसऱ्याची वाट अडवलीत तर दोन. कुणी बघितलं नाही तरी फिरायचं. मोठ्यांनी फिरून दाखवलं की मुलं आपोआप फिरतात.

पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, ज्याचे सगळ्यात कमी तो जिंकला.

१०. उलटलात तर

होडी सोडू नका. पोहत काठावर जायचा विचारही नको, डोंगरामुळे काठ आहे त्यापेक्षा जवळ भासतो. शिडाची दोरी मोकळी करा, होडीचं तोंड वाऱ्याकडे येऊ द्या, डॅगरबोर्डवर उभं राहून मागे झुका. दोनदा प्रयत्न करून जमलं नाही तर डोक्यावर दोन्ही हात हलवून सुरक्षा होडीला बोलवा. तिसऱ्या प्रयत्नात हात बधिर झालेले असतात.

११. परतताना

रविवारी संध्याकाळी घाटात उतरणाऱ्या गाड्यांची रांग लागते, म्हणून बक्षीस समारंभ झाल्यावर घाईने होडी भरू नका. बेल्ट तपासायचे, बूच काढून सुकाणूला बांधायचं, आणि मगच निघायचं. भिजलेलं शीड पिशवीत दोन दिवस राहिलं तर बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते नंतर निघत नाहीत. त्याच रात्री गच्चीवर पसरा. होडी सोसायटीत ठेवायची असेल तर ती फक्त स्वतःच्या पार्किंगच्या चौकटीत बसवा आणि सेक्रेटरींना आधीच लेखी कळवा. आम्ही कळवलं होतं. आता टेंपो आला की वॉचमन काका स्वतः येऊन होडीची एक कड धरतात.